नमुन्यापासून नावापर्यंत: आजच्या आणि जीवाश्म बुरशींच्या प्रजाती ओळखण्याची व वर्णन लिहिण्याची पद्धत

बुरशी कालच्या पावसात उगवलेली असो की चाळीस कोटी वर्षांच्या दगडात अडकलेली, तिचे वर्णन करताना एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. डोळ्यांना दिसले ते एका जागी लिहा आणि त्यावरून मानले ते दुसऱ्या जागी. आजच्या बुरशीत या दोहोंची सरमिसळ झाली तरी पुढे नवा नमुना किंवा डीएनए चूक दाखवून देतो. जीवाश्मात ती सोय नाही. तिथे आकार हाच पुरावा, आणि तोही बहुधा अर्धवट.

या लेखात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. लेख आहे तो प्रजातीच्या पातळीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी. खाण्याजोगी अळंबी ओळखण्यासाठी याचा उपयोग करू नका.

## आधी नावाचा खुंटा कुठे रोवला आहे ते पाहा

प्रत्येक जातीचे नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेले असते. त्याला प्रारूप किंवा टाइप म्हणतात, आणि मूळ लेखकाने स्वतः नेमलेले प्रारूप म्हणजे होलोटाइप. प्रजातीचे नाव तिच्या एका जातीला, म्हणजे प्रारूप जातीला, बांधलेले असते. हा नमुना त्या गटातला सर्वांत देखणा किंवा सरासरी असावा अशी अट नाही. तो फक्त खुंटा आहे: प्रजाती कितीही तुकड्यांत फुटली तरी जुने नाव खुंट्याबरोबर राहते.

कोप्रायनस या प्रजातीचे उदाहरण घ्या. पिकल्यावर शाईसारख्या वितळणाऱ्या छत्र्या पूर्वी सरसकट याच नावाखाली ठेवल्या जात. डीएनएवरून दिसले की तिची प्रारूप जाती कोप्रायनस कोमॅटस ही ॲगॅरिकसच्या कुळातली आहे आणि बाकीच्या बहुसंख्य जातींशी तिचे जवळचे नाते नाही. म्हणून २००१ साली त्या जाती कोप्रायनेलस, कोप्रायनॉप्सिस आणि पॅरासोला या प्रजातींत गेल्या. कोप्रायनस हे नाव मात्र कोमॅटस आणि तिच्या मोजक्या सोबत्यांकडे राहिले. शाईसारखे वितळणे हे लक्षण डोळ्यांत भरणारे होते, पण ते वेगवेगळ्या वंशरेषांत स्वतंत्रपणे आले होते.

यातून कामाचा पहिला नियम निघतो. तुमचा नमुना अमुक प्रजातीचा आहे असे म्हणण्याआधी त्या प्रजातीची प्रारूप जाती कोणती ते शोधा आणि तिचे मूळ वर्णन वाचा. मायकोबँक आणि इंडेक्स फंगोरम या दोन्ही नोंदवह्यांत प्रारूप जाती व मूळ प्रकाशनाचा तपशील सापडतो. एखाद्या ठिकाणच्या बुरशींच्या पुस्तकातली प्रजातीची व्याख्या ही त्या ठिकाणी आढळणाऱ्या जातींपुरती असते, हे विसरू नका.

वरच्या पायऱ्या नावाच्या शेवटावरून ओळखता येतात. संघाला ‘मायकोटा’, उपसंघाला ‘मायकोटिना’, वर्गाला ‘मायसीटीस’, गणाला ‘एलीस’ आणि कुलाला ‘एसी’ हे प्रत्यय लागतात. या पायऱ्यांवरही मतभेद असतात. मुळांशी सहजीवन करणाऱ्या ग्लोमस-गटाला काही जण ग्लोमेरोमायकोटा असा वेगळा संघ मानतात, तर काही जण म्युकोरोमायकोटातला उपसंघ. तुम्ही कोणती मांडणी धरली ते एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. नवशिक्याने या वादात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

## ताजा नमुना: पहिले काही तास

रंग, वास, चिरल्यावर पडणारा डाग आणि चिकटपणा ही चार लक्षणे वाळल्यावर जातात. ती जागेवरच टिपा.

छायाचित्र उगवत्या जागीच घ्या, मोजपट्टी आणि शक्य तर रंगपट्टी शेजारी ठेवून. छत्री वरून, खालून आणि उभी चिरून दिसली पाहिजे. नमुना उपटू नका. सुरीने खालची माती सैल करून बुडासकट उचला, कारण बुडाची पिशवी, म्हणजे व्होल्व्हा, जमिनीत राहिली तर ॲमॅनिटा ओळखण्याचा मोठा आधारच जातो. कोवळी, मधली आणि पिकलेली अशा तीन अवस्था एकाच जागेवरून घ्या. पण दोन हात अंतरावरच्या ‘तशाच दिसणाऱ्या’ छत्र्या त्याच पुडीत टाकू नका. मिश्र नमुना प्रारूप म्हणून निवडला गेला तर पुढच्या पिढ्यांना ते निस्तरावे लागते. कशावर उगवली आहे तेही लिहा: कोणत्या झाडाचे लाकूड, जिवंत की मेलेले, पान, शेण की माती. ‘जंगलात’ एवढीच नोंद निरुपयोगी आहे.

बीजाणुठसा घ्यायला छत्री देठापासून कापा, पटले (छत्रीच्या खालच्या पातळ पाकळ्या) खाली करून काचेच्या पट्टीवर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. ४ ते १२ तासांत ठसा उमटतो. छत्री सुकत आली असेल तर तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. कागदापेक्षा काच बरी: खाली पांढरा किंवा काळा कागद सरकवून रंग पाहता येतो आणि बीजाणू खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घेता येतात. ठशातले बीजाणू पिकलेले असतात. पटलावरून सरळ खरवडलेल्यांत कच्चे बीजाणू मिसळतात आणि मापे खाली घसरतात.

सुकवताना ४० ते ४५ अंश सेल्सिअसचा वाहता गरम वारा द्या. बोटांनी मोडल्यावर कट्कन तुटेल इतके कोरडे होऊ द्या. घाईने उष्णता वाढवली तर ऊती शिजतात आणि त्यातून नीट छेदही मिळत नाही, डीएनएही. सुकलेला नमुना कागदी पुडीत ठेवा. संग्रहात ठेवण्यापूर्वी पुडी प्लास्टिकमध्ये बंद करून आठवडाभर उणे २० अंशांत ठेवली की कीड मरते. ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. सकाळपर्यंत त्यावर दुसरीच बुरशी वाढलेली असते.

## सूक्ष्मदर्शकाखाली

सुरुवात मापनापासून करा. डोळाभिंगातल्या पट्टीला स्वतःचे माप नसते. प्रत्येक वस्तुभिंगासाठी ती स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे काचपट्टीवर कोरलेल्या मापपट्टीशी, जुळवावी लागते. तिचा एक भाग सहसा १० मायक्रोमीटरचा असतो. १०० पटीच्या भिंगाखाली डोळापट्टीचे १०० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले, तर एक भाग १ मायक्रोमीटरचा. त्याच यंत्रावर ४० पटीला तोच भाग २.५ मायक्रोमीटरचा होईल. हा तक्ता यंत्रावरच चिकटवा. यंत्र किंवा कॅमेरा बदलला की जुळवणी पुन्हा करा.

लागणारी द्रावणे थोडीच आहेत:

- साधे पाणी. पहिली पट्टी नेहमी पाण्यातली, कारण खरा रंग त्यातच दिसतो.
- ३ ते ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सुकलेल्या ऊती फुगवून पूर्ववत करण्यासाठी.
- १ टक्का काँगो रेड, रंगहीन पेशीभित्ती दिसण्यासाठी.
- लॅक्टिक ॲसिडमधला कॉटन ब्लू.
- मेल्झरचे द्रावण: आयोडीन ०.५ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड १.५ ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २० ते २२ ग्रॅम, पाणी २० मिलिलिटर.
- लुगोलचे द्रावण: आयोडीन १ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड ३ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर.

आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन घाला, मग उरलेले पाणी. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि अनेक देशांत त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत.

मेल्झरमध्ये बीजाणूची भित्ती किंवा तिच्यावरची नक्षी निळी-काळी झाली तर ती ॲमिलॉइड, तांबूस-तपकिरी झाली तर डेक्स्ट्रिनॉइड, काहीच झाले नाही तर इनॲमिलॉइड. रुसुला आणि लॅक्टेरियस यांच्या बीजाणूंवरची काळी जाळी एकदा पाहिली की हा फरक डोक्यात पक्का बसतो. छेद पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये असेल तर तो आधी पाण्याने धुवा, नाहीतर मेल्झरमध्ये गढूळ साका होतो. ॲस्कसचे, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या लांबट पिशवीचे, टोक तपासताना मात्र मेल्झरऐवजी लुगोल वापरा. काही ॲस्कस लुगोलमध्ये लाल होतात, तीच टोके मेल्झरमध्ये नकारात्मक दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पूर्वप्रक्रियेनंतर ती निळी होतात. म्हणजे एकाच बुरशीची तीन उत्तरे मिळतात. म्हणून कोणत्या क्रमाने काय वापरले हे लिहिल्याशिवाय ‘ॲमिलॉइड’ या शब्दाला किंमत नाही.

एका जागेच्या नमुन्यातून निदान २० ते ३० बीजाणू मोजा. बाजूने दिसणारेच घ्या. देठाशी जोडणारे टोक आणि काटे-खवले मापात धरू नका, काट्यांची उंची वेगळी द्या. लांबी भागिले रुंदी हे गुणोत्तर प्रत्येक बीजाणूचे काढा, सरासरीवरून नव्हे. १.०५ पर्यंत गोल, १.१५ पर्यंत जवळपास गोल, १.३ पर्यंत रुंद लंबवर्तुळाकार, १.६ पर्यंत लंबवर्तुळाकार, २ पर्यंत लांबट, त्यापुढे दंडगोल ही चाल रूढ आहे. कोणत्या द्रावणात मोजले तेही लिहा, कारण तीच रचना पाण्यात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये वेगळी भरते. ॲस्कसच्या बाबतीत जिवंत आणि मेलेल्या स्थितीतला फरक तर डोळ्यांनाही जाणवतो.

छेद जाड होणे ही नवशिक्यांची नेहमीची अडचण. टाचणीच्या टोकाहून लहान तुकडा घ्या आणि आच्छादन काचेवर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच दाबा. तरीही पेशी एकमेकींवर दिसल्या तर नवा छेद घ्या, जुन्याशी झगडू नका.

## संघ कोणता, हे आधी ठरवा

कवकतंतू रुंद, जवळजवळ आडपडद्यांविना, आणि टोकाला बीजाणूंनी भरलेली पिशवी दिसली तर म्युकरच्या गटाकडे पाहा. लांबट पिशवीत बहुधा आठ बीजाणू असतील तर ॲस्कोमायकोटा. गदेसारख्या पेशीवर बाहेरून, बहुधा चार टोकांवर बीजाणू असतील तर बेसिडिओमायकोटा. तंतूंच्या आडपडद्याशी आकड्यासारखी क्लॅम्प-जोडणी असेल तर बेसिडिओमायकोटाच. मात्र ती नसली म्हणून हा संघ बाद होत नाही, कारण त्यातल्या अनेक प्रजातींत क्लॅम्प नसतात. पाण्यात मागे एकच शेपूट असलेले पोहणारे बीजाणू ही कायट्रिडांची खूण. दोन वेगवेगळी शेपटे असतील तर तो ऊमायसीट असण्याचा संभव मोठा, आणि ऊमायसीट ही बुरशीच नव्हे. जीवाश्मात शेपटे टिकत नाहीत, म्हणून तिथे हा घोटाळा फार होतो.

पानांवरच्या आणि धान्यावरच्या सूक्ष्म बुरशींत लैंगिक अवस्था सहसा सापडत नाही. तिथे कोनिडियम, म्हणजे अलैंगिक बीजाणू, कसा तयार होतो, एकामागून एक बाटलीच्या तोंडातून, टोकाला कळीसारखा की तंतू तुटून, हे पाहा. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा वसाहतीच्या कडेवर हलका टेकवून लॅक्टिक ॲसिडच्या थेंबावर ठेवला की ही रचना न मोडता दिसते. वसाहतीच्या मध्यभागी सगळे झडून गेलेले असते.

संवर्धन करायचे, म्हणजे बुरशी माध्यमावर वाढवायची, तर माध्यम, तापमान, दिवस आणि प्रकाश हे चारही लिहा. पेनिसिलियम आणि ॲस्परजिलससाठी तीन ठिपक्यांत लागण, २५ अंश, अंधार आणि ७ दिवस ही रूढ रीत आहे. माल्ट-अर्क माध्यमावरचा रंग बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावरच्या रंगाशी ताडून पाहू नका.

डीएनएसाठी आयटीएस हा भाग २०१२ पासून बुरशींचा सर्वमान्य बारकोड आहे. आयटीएस-१एफ आणि आयटीएस-४ या प्रायमरांनी, म्हणजे हवा तो भाग उचलणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, तो बहुधा मिळतो. प्रजाती आणि त्यावरच्या पातळीसाठी एलएसयू हा कमी बदलणारा भाग जोडा (एलआर०आर आणि एलआर५ प्रायमर), आणि नवी प्रजाती मांडायची असेल तर आरपीबी-२ किंवा टीईएफ-१ सारखे प्रथिन-जनुकही हवे. संवर्धन संग्रहांच्या मोठ्या अभ्यासात तंतुमय बुरशींच्या प्रजातींची सीमा आयटीएसमध्ये सरासरी ९४.३ टक्के साम्यावर आली होती. हा आकडा दिशा दाखवायला ठीक, निर्णयाला नाही. काही जुन्या प्रजातींच्या आत याहून जास्त फरक आहे, काही जवळच्या प्रजातींत याहून कमी. डीएनए-साठ्याच्या शोधयंत्राने दिलेल्या पहिल्या नावावर तर मुळीच विसंबू नका. ते नाव तो क्रम (डीएनएच्या अक्षरांची मालिका) जमा करणाऱ्याने लिहिलेले असते. प्रारूपापासून मिळालेला क्रम आहे का ते पाहा. आणि क्रम ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियमचा निघाला, तर छत्रीवर वाढलेली दुसरीच बुरशी वाचली गेली असण्याची शक्यता आधी तपासा.

## जीवाश्म: मुळात ती जुनी आहे का?

जीवाश्म बुरशीच्या कामात पहिला प्रश्न ‘कोणती’ हा नसून ‘केव्हाची’ हा आहे. आजच्या बुरशीचे तंतू खडकाच्या भेगांत, जुन्या लाकडात, अगदी संग्रहालयाच्या खणातल्या ओलसर नमुन्यातही घुसतात. तपासण्या अशा:

तंतू खनिजाच्या आत पूर्ण बंद आहे का, की भेगेच्या कडेने चालला आहे? भोवतालच्या वनस्पती-ऊतीइतकाच तो दबला आणि काळवंडला आहे का? बुरशी शिरली तिथे वनस्पतीने जिवंतपणी प्रतिकार केल्याची खूण आहे का, म्हणजे जाड झालेली पेशीभित्ती किंवा फुगलेली पेशी? ही शेवटची खूण सर्वांत भक्कम, कारण मेलेली वनस्पती प्रतिकार करत नाही. बाहेर काढलेले तंतू कॉटन ब्लू सहज पितात आणि रंगहीन, गोल, न दबलेले आहेत असे दिसले, तर संशय घ्या. नमुना घेताना उघडा, झिजलेला थर काढून आतला ताजा खडक घेतला की निम्मा त्रास वाचतो.

थराचे नाव, थरातली जागा, अक्षांश-रेखांश आणि वय कशावरून ठरले हे टिपल्याशिवाय नमुना पुढे नेऊ नका.

पुढची तयारी खडकावर अवलंबून आहे.

चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण दगड: स्कॉटलंडमधला राइनी चर्ट, सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीचा, हा जीवाश्म बुरशींचा सर्वांत समृद्ध ठेवा. अशा दगडाचा पातळ काप काचपट्टीवर इपॉक्सीने चिकटवून घासतात. भूविज्ञानातला नेहमीचा ३० मायक्रोमीटरचा छेद इथे फार पातळ पडतो, कारण तंतू मधेच तुटतो आणि कोणता तंतू कोणत्या बीजाणूला जोडलेला होता हे कळत नाही. ५० ते १५० मायक्रोमीटर जाडी ठेवा. आच्छादन काच न लावता तेल थेट छेदावर घालून पाहता येते. फोकस वर-खाली करत दर काही मायक्रोमीटरला छायाचित्र घ्या. आम्लाने पृष्ठभाग खाऊन काढलेली ॲसिटेट फिल्म मोठ्या वनस्पती-ऊतींसाठी चांगली, नाजूक तंतू मात्र त्यात गमावतात.

अंबर, म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ: पाण्याखाली बारीक होत जाणाऱ्या घासकागदांनी दोन समांतर सपाट बाजू काढा. ॲसिटोन किंवा अल्कोहोलने पुसू नका, पृष्ठभाग बिघडतो. पाहताना ग्लिसरीनचा थेंब आणि वर आच्छादन काच ठेवली की परावर्तन जाते. अंबरातली बुरशी रूपाने इतकी शाबूत असते की मोह होतो. न्यू जर्सीच्या अंबरातला आर्किओमॅरास्मियस, नऊ कोटी वर्षांहून जुना, आजच्या छोट्या मॅरास्मियससारखाच दिसतो. तरी लेखकांनी वेगळी प्रजाती केली, आणि ते योग्यच होते. साम्य नोंदवायचे, नाते ठरवून टाकायचे नाही.

गाळाचा खडक आणि कोळसा: बीजाणू आम्लांनी वेगळे करतात. आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडने कार्बोनेट काढायचे, मग ४० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडने सिलिकेट, मग वारंवार धुणे. हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत शिरून प्राण घेऊ शकते. धूर-कपाट, जाड हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आणि अनुभवी माणूस यांच्याविना हे काम करूच नये. काचेचे भांडेही चालत नाही, कारण हे आम्ल काच खाते. कार्बोनेट अर्धवट राहिले तर फ्लोराइडचे स्फटिक तयार होतात आणि पट्टी झाकली जाते. परागकणांच्या कामातली ऑक्सिडेशनची पायरी शक्यतो गाळा, कारण त्यात बीजाणूंचा तपकिरी रंग उडतो आणि तो रंग इथे लक्षण आहे. चाळणी १० मायक्रोमीटरहून मोठी नको. १० ची वापरली तरी बरेच लहान बीजाणू वाहून जातात, म्हणून चाळणीखालचे पाणीही एकदा तपासा.

## बीजाणूंच्या रूप-प्रजाती

सुटे जीवाश्म बीजाणू कोणत्या बुरशीचे हे बहुतेक वेळा कळत नाही. त्यांच्या प्रजाती पेशींची संख्या, छिद्रांची संख्या आणि आकार यांवर बांधल्या आहेत. ही पद्धत इटालियन बुरशीशास्त्रज्ञ साक्कार्दो याच्या बीजाणू-वर्गवारीला जवळची आहे. मुख्य नावे अशी जुळतात:

एक पेशी: छिद्र नसेल तर इनअपर्टिस्पोरायटिस, एक असेल तर मोनोपोरिस्पोरायटिस, दोन असतील तर डायपोरिस्पोरायटिस.

दोन पेशी: छिद्र नसेल तर डायसेलीस्पोरायटिस, दोन्ही टोकांना छिद्र असेल तर डायाडोस्पोरायटिस. चातीसारखा आकार आणि टोकापासून टोकापर्यंत उभ्या रेघा असतील तर फ्युसिफॉर्मिस्पोरायटिस.

एका ओळीत तीन किंवा जास्त पेशी: छिद्र नसेल तर मल्टिसेलीस्पोरायटिस, एका टोकाला असेल तर प्लुरिसेलीस्पोरायटिस, दोन्ही टोकांना असेल तर डायपोरिसेलीस्पोरायटिस. गुंडाळी असेल तर इन्व्होल्युटिस्पोरोनायटिस.

या यादीवरून थेट नाव लिहू नका. यांतल्या कित्येक व्याख्या नंतरच्या लेखकांनी सुधारल्या आहेत. मूळ व्याख्या आणि सुधारणा दोन्ही वाचा आणि कोणती पाळली ते लिहा.

खरी कसोटी छिद्राची असते. बीजाणू जिथे देठापासून तुटतो तिथली जखम, दुमडीतली पातळ जागा आणि खरे छिद्र तिन्ही साध्या भिंगाखाली सारखी दिसतात. खऱ्या छिद्राची कड नियमित असते, बहुधा जाड असते, आणि अनेक नमुन्यांत त्याच जागी दिसते. एकाच नमुन्यात दिसलेल्या छिद्रावर प्रजाती ठरवू नये.

पानांच्या बाह्यत्वचेवरच्या बुरशीच्या ढालीसारख्या चपट्या फळांचेही (बीजाणू धरणाऱ्या अंगांचेही) असेच. अरीय (मध्यापासून कडेकडे ओळीने गेलेल्या) पेशी, मध्यभागी तोंड नाही आणि पेशींना छिद्रे नाहीत तर फ्रॅग्मोथायरायटिस. पेशीपेशीला छिद्र असेल तर कॅलिमोथॅलस. पण मध्यभागचे तोंड पिकल्यावरच उघडते असे गट आहेत. कोवळ्या ढालीला एक नाव आणि पिकलेल्या ढालीला दुसरे नाव, असे घडू शकते. एका पानावर निरनिराळ्या आकारांच्या ढाली असतील तर त्या एका क्रमात मांडून पाहा, मगच बोला.

जीवाश्माला आजच्या प्रजातीचे नाव देता येते का? येते, पण त्या प्रजातीला वेगळे ठरवणारी लक्षणे प्रत्यक्ष टिकलेली असतील तरच. बाल्टिक अंबरातल्या ॲस्परजिलस कोलेम्बोलोरममध्ये बीजाणूधारी दांडे व त्यांची डोकी शाबूत होती, म्हणून ते नाव चालले. सुट्या गोल बीजाणूला ॲस्परजिलस म्हणता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला पॅलिओपायरेनोमायसायटिस डिव्होनिकस आहे. राइनी चर्टमधल्या ॲस्टेरोझायलॉन या वनस्पतीच्या ऊतीत सुरईसारखी फळे, त्यांत ॲस्कस आणि बीजाणू. २००५ मध्ये त्याची प्रजाती मांडली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला ॲस्कोमायकोटातल्या वेगवेगळ्या फांद्यांवर बसवून पाहिले, आणि जागा बदलली की साऱ्या संघाच्या वयाचा अंदाज कोट्यवधी वर्षांनी सरकतो. वर्णन मात्र जागच्या जागी आहे. प्रोटोटॅक्सायटिसचेही तेच. १८५९ मध्ये नाव दिले तेव्हा ते कुजलेले सूचिपर्णी लाकूड मानले गेले, २००१ मध्ये प्रचंड बेसिडिओमायसीट म्हणून मांडणी झाली, आणि अलीकडे ती बुरशी होती का यावरच प्रश्न उभा राहिला आहे. वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्यांचे वर्णन ज्यांनी नीट केले, त्यांचे पान अजून उघडले जाते.

## नाव वैध होण्याच्या अटी

शैवाल, बुरशी आणि वनस्पतींची एकच आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता आहे. तिच्या ज्या अटींवर नवशिक्यांचे हस्तलिखित अडते त्या अशा.

नव्या प्रजातीचे नाव या तिन्ही गटांत आधी वापरलेले नसावे. प्राण्यात असले तर चालते. वर्णन किंवा भेददर्शक वाक्य लॅटिन किंवा इंग्रजीतच हवे: जीवाश्मांसाठी १ जानेवारी १९९६ पासून, आजच्या बुरशींसाठी १ जानेवारी २०१२ पासून हा नियम आहे. मराठी वर्णन सोबत द्यायला हरकत नाही, पण एकटे पुरत नाही. प्रारूप स्पष्ट नेमलेले आणि ते कोणत्या संग्रहात ठेवले ते लिहिलेले हवे. प्रारूप जिवंत संवर्धन असू शकत नाही. संवर्धन गोठवून किंवा शुष्क करून चयापचय थांबवलेल्या स्थितीत कायमचे जपलेले असेल तर चालते, आणि तसे शब्दांत लिहावे लागते. १ जानेवारी २०१३ पासून मान्य नोंदवहीतला ओळख क्रमांक मूळ लेखातच छापलेला हवा, जीवाश्म बुरशी आणि दगडफूल यांनाही.

जीवाश्मांना आणखी दोन अटी. १९१२ पासून लक्षणे दाखवणारे चित्र आवश्यक, आणि जातीच्या बाबतीत २००१ पासून निदान एक चित्र प्रारूपाचेच आहे असे सांगणे आवश्यक. जीवाश्म जातीचे प्रारूप नेहमी नमुनाच असते, चित्र नव्हे. एका पट्टीवर शेकडो बीजाणू असतील तर प्रारूप असलेला एकच बीजाणू इंग्लंड फाइंडरच्या (जागा दाखवणारी जाळी कोरलेल्या काचपट्टीच्या) निर्देशांकाने दाखवा. चर्टचा एकच तुकडा पाच छेदांत कापला असेल तर पाचही छेदांचे क्रमांक द्या.

२०११ च्या मेलबर्नमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर आजच्या बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगळी नावे राहत नाहीत. जीवाश्मांत मात्र नाव हे वर्णनात सांगितलेल्या भागापुरते, अवस्थेपुरते आणि जतनाच्या प्रकारापुरते असू शकते. आणि जीवाश्मावर आधारलेले नाव व आजच्या बुरशीवर आधारलेले नाव एकाच आजच्या प्रजातीचे ठरले, तर जीवाश्माचे नाव जुने असले तरी आजच्या बुरशीचे नाव पुढे राहते.

जीवाश्म प्रजातीच्या नावाला ‘आयटिस’ हा प्रत्यय लावण्याची रीत आहे, सक्ती नाही. लावला तर ते नाव पुल्लिंगी धरतात आणि जातीचे विशेषणही त्याच लिंगात लिहायचे असते. ‘मायसीस’ने संपणारी नावेही पुल्लिंगी.

## वर्णन लिहिताना

भेददर्शक वाक्य छोटे असावे: ही प्रजाती कोणत्या जवळच्या प्रजातीपासून कोणत्या लक्षणाने वेगळी आहे, एवढेच. वर्णन मोठे असावे आणि क्रम ठरलेला असावा: बाह्यरूप, ऊती, बीजाणूधारी रचना, बीजाणू, रासायनिक प्रतिक्रिया, आश्रय, स्थळ, जीवाश्म असेल तर थर आणि वय.

‘बीजाणू मध्यम आकाराचे, तपकिरी, दोन पेशींचे’ या वाक्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘बीजाणू दोन पेशींचे, लांबट, (१८–)२०–२४(–२७) × (९–)१०–१२(–१३) मायक्रोमीटर, लांबी-रुंदीचे सरासरी गुणोत्तर २.०, एकूण ३० मोजले. आडपडद्याशी किंचित आवळलेले. भित्ती सुमारे १ मायक्रोमीटर जाड, गुळगुळीत. छिद्र दिसले नाही.’ कंसातले आकडे टोकाचे, बाहेरचे नेहमीचे. आणि ‘छिद्र दिसले नाही’ हे ‘छिद्र नाही’ याहून वेगळे विधान आहे. जीवाश्मात बहुतेक वेळा पहिलेच खरे असते.

आत्मीयता, म्हणजे ही कोणाच्या जवळची, हा भाग ‘चर्चा’ या मथळ्याखाली न्या. वर्णनात ‘ग्लोमससारखे बीजाणू’ लिहिले की वाचणारा ग्लोमस समजूनच पुढे जातो. बीजाणूची भित्ती किती थरांची, तो तंतूला कसा जोडलेला, जोडाशी पडदा आहे का, हे लिहा. तुलना नंतर.

आजच्या बुरशीची नवी प्रजाती मांडण्याबाबत २०१५ मध्ये बुरशीशास्त्रज्ञांनी सहा सूत्रे सुचवली होती. त्यांचा गाभा असा: नवी प्रजाती आणि तिच्यामुळे मागे उरलेली जुनी, दोन्ही एकेका पूर्वजाच्या सगळ्या वंशजांची असावीत. प्रारूप जातींसह जगभरच्या जाती तपासाव्यात. फांद्यांना सांख्यिकीय आधार असावा, आणि तो एकाहून जास्त जनुकांतून. वर्गीकरणाचे दुसरे पर्याय चर्चेत घ्यावेत. आधीचे सारे उपलब्ध साहित्य पाहावे. यांतले ‘मागे उरलेली जुनी’ हेच नेमके विसरले जाते: एक सुबक फांदी कापून नवे नाव दिले जाते आणि जुनी प्रजाती फाटक्या अवस्थेत सोडली जाते. एकाच नमुन्यावर, एकाच आयटीएस क्रमावर नवी प्रजाती करू नका. जीवाश्मांत एकाच नमुन्यावर प्रजाती करणे कधीकधी अपरिहार्य असते, पण मग बदलाची मर्यादा माहीत नाही हे वर्णनात स्पष्ट यायला हवे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नमुना सार्वजनिक संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक घ्या, डीएनए क्रम जीनबँक या सार्वजनिक साठ्यात टाका, लेख स्वीकारला गेल्यावर मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एकीकडून ओळख क्रमांक घ्या. प्रजाती आणि तिची जाती दोन्ही नवी असतील तर दोन क्रमांक लागतात. प्रुफात हे क्रमांक स्वतः ताडून पाहा. आधी दिला गेलेला क्रमांक छापताना एखादा अंक चुकला तर ती दुरुस्त करता येणारी चूक धरली जाते. क्रमांक छापायचाच राहिला तर नाव वैध होत नाही, आणि त्याच नावासाठी पुन्हा लेख छापावा लागतो.